गोंदानं चिकटवलेले खडे

तुमच्या घरातलं एखादं झाड जिवंत आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता? हिरवं दिसतं म्हणून? एवढंच कारण असेल, तर तुम्हाला फसवणं फार सोपं आहे. आम्हीही एक अख्खा उन्हाळा तसेच फसलो.

परवा कूलरमध्ये नवं गवत भरलं. पहिल्यांदा पाणी सोडून पंखा लावला की त्या गवताचा ओला, जरासा कुबट, लाकडाच्या वखारीसारखा वास घरभर होतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरात उन्हाळा आला हे मला त्या वासावरून कळतं. मग गल्लीतल्या एकेका खिडकीला घरघर सुरू होते, दारापुढचे निळे ड्रम घासून धुतले जातात, आणि नळाच्या दिवशी पाण्याच्या आधी नळातून हवा शिट्टी मारत येते तेव्हा बाया पाइप घेऊन धावतात. लोकांना या वासानं गार वाटतं. मला गेल्या वर्षापासून राग येतो. हा राग मी सांभाळून ठेवला आहे. थंडीत तो जरा खाली बसला होता. गवत ओलं झालं आणि पुन्हा वर आला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो आणि कंपनीतले सगळे जगूभाऊ, वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. पाळीच्या वेळात मशिनी दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात युनियन चालवायचे. त्यामुळे घरात पत्रकांना तोटा नव्हता. गुलाबी, पिवळी, पोपटी. खाली हात धरला तर बोटं दिसतील इतक्या पातळ कागदाची. मी अक्षरं त्यांच्यावरच ओळखायला शिकले. वर्गातल्या मुलींना ‘कमळ’ आधी वाचता आलं, मला ‘कामगार बंधूंनो’. पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, आईनं ती डब्यांच्या तळाशी अंथरली. आज मी लिहिते त्यात उद्गारचिन्हं जास्त होतात, असं लोक म्हणतात. होऊ देत. ती मला घरातूनच मिळाली आहेत.

आबांचा एक नियम होता. व्यवस्थापनाकडून आलेली कुठलीही वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही. दिवाळीला युनियनच्या पुढाऱ्यांसाठी मिठाईचा वेगळा, मोठा डबा असायचा. तो आबा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर उघडून ठेवायचे. पाळी सुटली की ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं घ्यायचं. साहेबांच्या केबिनमधला चहासुद्धा ते उभ्यानं प्यायचे. “बसून पिला की बोलताना आवाज खाली येतो,” म्हणायचे. त्यामुळे कंपनीतून आमच्या घरी जे आलं, ते म्हणजे कपड्यांवरचं ग्रीस आणि कारणे दाखवा नोटिसा. आईनं संसारभर तेवढंच पाहिलं. ती कधी बोलली नाही. पण शेजारच्या घरी कंपनीचं घड्याळ भिंतीवर लागलं, तेव्हा ती ते बघायला दोनदा गेली होती, हे मला आठवतं.

गेल्या वर्षी मार्च संपता संपता आबा निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला आई पहिल्यांदा कंपनीत गेली. मोरपंखी साडी, नव्या चपला, पहिल्या रांगेतली खुर्ची. मांडवात बसलं तरी पत्र्याच्या शेडची धग अंगाला लागत होती. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. मग मालकांचा मुलगा उठला. त्याला सगळे छोटे साहेब म्हणतात. परदेशात शिकून आलेला, माझ्याहून फार मोठा नसलेला, सतत हसरा. त्याच्या हातात रिबीन बांधलेला चपटा काळा ट्रे होता आणि त्यात वीतभर उंचीचं, वाकड्या खोडाचं एक झाड. आबांनी हात पाठीमागं बांधले. ते घेणार नाहीत हे अख्ख्या मांडवाला ठाऊक होतं. छोट्या साहेबालाही. म्हणून तो स्टेजवरून खाली उतरला, आणि ट्रे त्यानं आईच्या हातात ठेवला.

“काकू, हे तुमच्यासाठी. जगूभाऊंसारखंच चिवट आहे. काही करावं लागत नाही याला.”

टाळ्या पडल्या. आईचे दोन्ही हात ट्रेखाली होते आणि ती हसत होती. अशी हसताना मी तिला लग्नकार्यातसुद्धा पाहिलेली नाही. आता ते परत करायचं, तर आबांना सगळ्यांदेखत तिच्या हातातून ओढून घ्यावं लागलं असतं. आबांनी पाठीमागचे हात सोडले. एवढंच. बाकी कुणाला ते दिसलंही नसेल, पण मला दिसलं. आयुष्यभर जो नियम कुणाला मोडता आला नाही, तो या मुलानं माझ्या आईच्या हातानं मोडला, तेही हसत हसत. सूड हा शब्द आबांना आवडत नाही. ते ‘जाब’ म्हणतात. याचा सूड घ्यायचा, मी त्या मांडवात बसून मनातल्या मनात म्हणाले.

ते जुनिपरचं बोन्साय होतं. नाव आम्हाला रिबिनीच्या कार्डावरून कळलं. खाली लिहिलं होतं : घरात टेबलावर ठेवा, अधूनमधून पाणी शिंपडा. बोन्साय म्हणजे झाडावर केलेला जुलूम, अशी कविता करायला मी बसलेली नाही. जे लोक मनापासून बोन्साय करतात ते एका फांदीसाठी वर्षं घालवतात, मुळांची काळजी घेतात, आणि त्यांची झाडं त्यांच्याहून जास्त जगतात. माझं भांडण झाड लहान ठेवण्याशी नाही. झाडाच्या नावाखाली काय दिलं जातं, त्याच्याशी आहे.

आईनं ते टीव्हीच्या शेजारी ठेवलं. मातीवर पांढरे शुभ्र खडे होते, एकसारखे, जणू कुणी एकेक निवडून बसवलेले. पाहुणे आले की ती त्यांना आधी तिकडे न्यायची. डोंगरातलं झाड, थंडीतलं, असं कुणीतरी सांगितल्यावर कूलरचं तोंड त्याच्याकडे वळलं; आम्ही घामाघूम बसायचो आणि झाड हवा खायचं. पाणी घालायचं काम आबांनी आपल्याकडे घेतलं. नको असलेली वस्तू, पण तिच्यासाठी आणलेली, म्हणून त्यात हयगय नाही. रोज सकाळी तांब्या घेऊन ते उभे राहायचे. पाणी खड्यांवरून झुळझुळ वाहायचं, ट्रेच्या कडेनं खालच्या ताटात उतरायचं. आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येईल ते कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे ताटातलं पाणी कोण टाकून देणार? आई ते उचलून मागच्या दारी तेलाच्या डब्यात लावलेल्या कढीपत्त्याला घालायची.

“निचरा लई भारी हाय याचा,” आबा कौतुकानं म्हणायचे. “जेवढं वरून घालावं तेवढं खाली येतं.”

त्या उन्हाळ्यात आमचा कढीपत्ता असा फोफावला की गल्लीतल्या बाया फोडणीसाठी आमच्याकडे यायला लागल्या. आज त्या वाक्याकडे मागे वळून पाहते तेव्हा माझे दात आवळतात. सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. जेवढं वरून घालावं, तेवढं खाली येत होतं.

झाड एकदम तपकिरी झालं नाही. आधी हिरव्यातली तकाकी गेली. धुऊन धुऊन विटलेल्या गणवेशाचा असतो तसा रंग झाला. मग पानावरून बोट फिरवलं की कुरकुर आवाज यायला लागला. आणि मग खालच्या फांदीला बिडीच्या पानाचा रंग चढला, शेजारच्या फांदीला, शेंड्याला. आबा तांब्या घेऊन उभे राहायचे आणि बराच वेळ पाणी घालायचेच नाहीत. नुसतं बघायचे.

आबांच्याच खात्यातले शिंदेकाका संध्याकाळी ओट्यावर बसायला यायचे. त्यांना चिडवायला काहीही पुरतं.

“काय जगूभाऊ? संपात मालकाला वाकवलं, अन् हे वीतभर झाड ऐकंना तुमचं?”

“ऐकंल की.”

“मागण्या काय हायत त्याच्या, इचारलं का? का डायरेक उपोषणालाच बसलंय?”

आबा एरवी हसले असते. त्या दिवशी आत निघून गेले. कारण दुपारीच आई बोलली होती. ती भांडी पुसत होती, मान वर न करता म्हणाली, “तुम्हाला ते पहिल्यापासून घरात नकोच होतं.”

ज्या माणसानं कोर्टात, केबिनमध्ये, भर गेटसभेत कुणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, तो गप्प राहिला. त्याला वाटलं असावं की या आरोपावर बोललं तर तो खरा वाटेल. त्यानंतर घरात ताट वाढलं जायचं, पाणी ठेवलं जायचं, पण नावानं हाक मारली जायची नाही. एका मेलेल्या झाडानं माझ्या आईबापांमध्ये संशय आणून ठेवला. त्या हसऱ्या माणसाच्या खात्यावर मी हेही लिहिलं. पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरांत.

शेवटी आबा फिटरसारखे कामाला लागले. मशीन बंद पडली तर ऑपरेटरला शिव्या घालायच्या नाहीत, आधी बारकाईनं बघायचं, ही त्यांची रीत. आधी त्यांनी झाड अंगणात आणलं, घरातला अंधार नडला असेल म्हणून. काही फरक नाही. मग मी कुठंतरी वाचलेलं सांगितलं, पानांतला रस शोषणारी बारीक कोळी-कीड लागली असेल. पांढऱ्या कागदावर फांदी झटकून बघायची. आबांनी जुनं पत्रक काढलं, पाठकोरी बाजू वर धरली, फांदीला टिचकी मारली. ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांच्या पाठीवर तपकिरी भुसा पडला. आम्ही दोघं कितीतरी वेळ वाकून बघत राहिलो, एखादा ठिपका चालतोय का. काही चाललं नाही.

“आता राहिला सप्लाय,” आबा म्हणाले. तो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. सप्लाय म्हणजे ते स्वतःच होते.

मातीत ओल किती आहे ते बघायला बारीक काडी खुपसायची असते. मी देवघरातून विझलेल्या अगरबत्तीची काडी आणली. आबांनी ती दोन खड्यांच्या मधे टेकवून दाबली. काडी मोडली. दुसरी आणली. तीही मोडली. आबांनी मान तिरपी केली, खड्यांवर नखानं टकटक केलं, आणि मला म्हणाले, “पेचकस आण.”

ट्रेच्या कडेला पेचकसाचं टोक घालून त्यांनी जरा उचकटलं. सगळे खडे एकदम वर आले. सुटे नव्हतेच ते. गोंदानं एकमेकांना चिकटवलेले, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा एक अख्खा तुकडा. त्याच्या खाली मातीचा कडक गोळा होता, कोरडा ठणठणीत, उन्हाळ्यात तळ्याचा तळ तडकतो तसा तडकलेला. अख्ख्या उन्हाळ्यातलं तांब्या तांब्या पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आबांनी गोळा बोटांनी फोडला. आत प्लास्टिकची जाळी, आणि जाळीत मूळ म्हणून एक कापलेला खुंट. त्याला चार केस असावेत तशी मुळं.

नुसरतला बोलावलं. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण, आता कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिनं हेल्मेटही न काढता झाड हातात घेतलं.

“ये तो कबका गया, अंकल. देखो, नाखून लगाओ इधर.” तिनं खोडाला अंगठ्याचं नख लावून साल खरवडली. “जिवंत असतं तर आतून हिरवं निघतं. हे बघा, लाकूड. इधर भी लाकूड.”

“पर हिरवं होतं की गं लई दिवस,” आबा म्हणाले.

“जुनिपर तसंच असतं ना. आधी मरतं, मग कळतं. मूळ गेलं तरी पानं हिरवी दिसत राहतात, कितीतरी आठवडे. तुम्ही घरात ठेवलंत, कूलरपुढं ठेवलंत, ते चूकच. याला ऊन लागतं, बाहेर लागतं. पण ती चूक नडायलासुद्धा याच्यात जीव पाहिजे होता. हे जमिनीतून उपटलं, मूळ छाटलं, जाळीत कोंबलं, वरून गोंद मारला. दिलं तेव्हाच गेलेलं असणार. नाहीतर जाण्याच्या वाटेवर.”

आधी मरतं, मग कळतं. मला आबांचं खातं आठवलं. निरोपाच्या दिवशी तिथले खांब पिवळे रंगवले होते, सुरक्षेचे नवे फलक लावले होते, आणि आबांच्या जागी कायम फिटर घेतलेला नव्हता. शिंदेकाकांच्या जागीही घेणार नव्हते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं हिरवं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आली, वाकली, खड्यांचा तुकडा हातात घेऊन उलटा करून पाहिला. गोंदाचे पिवळे थेंब तिनं बोटानं चाचपले. मग मागच्या दारातून दिसणाऱ्या कढीपत्त्याकडे पाहिलं.

“म्हणजे तुम्ही रोज घालत होता,” ती आबांना म्हणाली.

“व्हय.”

“आणि मी रोज उचलत होते.”

“व्हय.”

तिनं खड्यांचा तुकडा होता तसा परत मातीवर बसवला. कडेनं दाबून घट्ट केला. “जसं दिलं तसंच राहू दे,” म्हणाली. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तिनं आबांना दोनदा हाक मारली, एकदा तर काही कारण नसताना.

मी लगेच पत्रक लिहायला बसले. ‘मेलेली झाडं वाटणाऱ्या’ इथून सुरुवात केली आणि पुढं शिव्यांखेरीज बाकी सगळं वापरलं. आबांनी वाचलं, अर्धी विशेषणं खोडली. ती खोडाखोड चालू असतानाच आई म्हणाली, “पत्रक नको. मी जाते.”

जून लागला की कंपनीत वृक्षारोपण असतं. गेटच्या आत खड्डे खणून ठेवतात, छोटे साहेब झाड धरतात, फोटो निघतात. आम्ही गेलो त्या दिवशी ढग नुसतेच आले होते, हवा कोंदलेली होती. आईनं तीच मोरपंखी साडी नेसली होती. हातात तोच ट्रे, त्यावर तीच रिबीन, तिनं जपून ठेवलेली. छोट्या साहेबानं तिला ओळखलं. फोटोवाल्यांना म्हणाला, “या काकूंचाही घ्या, आपल्या जुन्या परिवारातल्या आहेत.” आईनं ट्रे त्याच्या हातात दिला. त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी घेतला. मग झाडाकडे लक्ष गेलं.

“अरे, वाळलं होय? पाणी जास्त झालं असेल, काकू.” मग कॅमेऱ्याकडे पाहून हसला. “नाहीतर प्रेम कमी पडलं असेल.”

आईनं शेजारच्या टेबलावरची त्याची पाण्याची बाटली उचलली. झाकण काढलं. आणि त्याच्या हातातल्या ट्रेमध्ये, खड्यांवर, सावकाश, सगळी बाटली रिकामी केली. पाणी आत कुठं जाणार? ते कडेनं उतरलं, त्याच्या मनगटांवरून, फिक्या रंगाच्या पँटवरून, बुटांत. ट्रे खाली टाकावा तर समोर कॅमेरे. तो तसाच धरून उभा राहिला.

“आता सांगा, साहेब,” आई म्हणाली. “जास्त झालं का कमी?”

मग मागून शिंदेकाका खोकल्यासारखे हसले, आणि ते हसू रांगेतून पुढं सरकत आलं. मी आजवर बऱ्याच घोषणा ऐकल्या आहेत. इतकी चांगली एकही नव्हती.

“काकू, मी दुसरं पाठवतो. आजच पाठवतो.”

“नको. हेच ठेवा. टेबलावर ठेवा घरात. काही करावं लागत नाही याला.”

बाहेर टपरीवर आल्यावर आबांनी चहा सांगितला. आई बाकड्यावर बसली. आबा नेहमीप्रमाणे उभेच होते. ती सरकली, तेव्हा तेही बसले.

लोक मला म्हणतात, झालं ना आता? मिळालं ना समाधान? नाही. एका माणसाचे बूट ओले झाले, तेही त्या संध्याकाळी वाळले असतील. माझी आई घरात जे बोलली आणि माझे वडील जे ऐकून गप्प राहिले, ते वाळलेलं नाही. आणि नवं गवत भरलं त्याच दिवशी शिंदेकाका ओट्यावर आले. ते या महिन्यात निवृत्त होतायत. कंपनीच्या गेटवर टेम्पोतून काळे ट्रे उतरताना त्यांनी पाहिले. पांढरे खडे, रिबिनी, सगळं तसंच. “माझ्या बायकोला साडी घेतली,” ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांनी विनोद केला नाही. मी त्यांना आमच्या कढीपत्त्याच्या चार काड्या दिल्या आणि अंगठ्याचं नख वाढवायला सांगितलं.

तुम्हालाही तेच सांगते. कधीतरी तुमच्या हातात, किंवा तुमच्यामुळं ज्यांनी आयुष्यभर काही घेतलं नाही त्यांच्या हातात, रिबीन बांधलेलं असं एक हिरवं झाड येईल. घरी येईपर्यंत थांबू नका. तिथंच, स्टेजवर, टाळ्या चालू असताना, खोडाला नख लावा. आतून हिरवं निघालं तर आनंदानं न्या, वरचे खडे उचकटून टाका आणि ते बाहेर उजेडात ठेवा. लाकूड निघालं तर देणाऱ्याच्या दोन्ही हातांत ते परत ठेवा, माइक बंद व्हायच्या आत. आणि प्यायच्या पाण्याची एक भरलेली बाटली मागून घ्या.